शिवणाला विकतचा डबा नको, एक कप्पा द्या



आज जरा भांडायलाच बसले आहे, आणि भांडण एका समजुतीशी आहे. शिवणाचं सामान आणि कापड नीट ठेवायचं असेल तर आधी त्यासाठी डबे विकत आणावे लागतात, ही ती समजूत.

ती आपल्या घरांत कधी शिरली ते कळलंही नाही. मोबाइलवर घर आवरण्याचे व्हिडिओ येतात. त्यांत एकसारखे पारदर्शक डबे, त्यांवर छापील लेबलं, आत रंगांच्या क्रमाने लावलेली रिळं. खाली सगळ्या विचारतात, ‘लिंक द्या ना.’ मग चार दिवसांनी एक भलंमोठं खोकं दारात येतं. त्यात फुग्याफुग्यांचं प्लास्टिक, त्यात अजून एक खोकं, आणि त्यात सहा रिकामे डबे. आलेली दोन्ही खोकी आणि ते प्लास्टिक आपण लगेच कचऱ्यात टाकतो आणि रिकाम्या डब्यांकडे बघून म्हणतो, आता घर आवरेल.

आणि जिने बटणं श्रीखंडाच्या डब्यात ठेवली आहेत, लेस शर्टाच्या पुठ्ठ्यावर गुंडाळली आहे, ती शेजारीण आली की कपाटाचं दार हळूच लोटून घेते. ‘आमचं आपलं असंच’ म्हणते. या ‘असंच’चा मला राग येतो. तिची पद्धत जास्त शहाणपणाची आहे, आणि लाजायची वेळ तिच्यावर का यावी?

माझं म्हणणं सरळ आहे. कापड आणि शिवण ठेवायला एकही डबा विकत घेऊ नका. घरात जे येतं त्यात भागतं, आणि पुष्कळदा जास्त चांगलं भागतं. मात्र कुठलंही वेष्टन कशालाही चालतं असं नाही. काही वेष्टनं कापडाचं वाटोळं करतात, काही जीवजंतूंना आमंत्रण देतात. तेही आज स्पष्ट लिहिणार आहे, कारण ‘टाकाऊतून टिकाऊ’च्या नावाखाली सांगितल्या जाणाऱ्या निम्म्या गोष्टी माझ्या मते त्रासदायक आहेत.

आधी घरात काय येतं ते मोजू

चांगल्या साध्या संसारातही महिन्या-दोन महिन्यांत किती वेष्टनं येतात बघा. श्रीखंड, आम्रखंड, दही यांचे झाकणाचे डबे. बासमती तांदळाची चेन असलेली पिशवी. चादर, टॉवेल, पडदे घेतले की त्यांची चेनवाली पारदर्शक पिशवी, आणि काही वेळा त्याच कापडाची शिवलेली पिशवी. नव्या शर्टाच्या घडीतला पुठ्ठा, कॉलरखालची पट्टी, क्लिपा आणि चार-पाच टाचण्या. बुटांचं खोकं आणि त्यातली ओलावा शोषणारी पुडी. औषधाच्या गोळ्यांची छोटी बाटली. कॉफीची, जॅमची काचेची बरणी. दिवाळीत बिस्किटांचा पत्र्याचा डबा. फॉइल संपल्यावर उरणारी पुठ्ठ्याची नळी. लग्नसराईत साड्यांची खोकी. आणि संक्रांतीच्या वाणात आलेले डबे तर विचारूच नका, ते प्रत्येकीच्या माळ्यावर मागच्या पाच वर्षांचे आहेत.

यातलं एकही आपण मागितलेलं नाही. पण किमतीत त्याचे पैसे मोजलेले आहेत. मोजलेल्या पैशांची वस्तू फेकायची आणि तेच काम करणारी दुसरी वस्तू विकत आणायची, हा हिशेब माझ्या डोक्यात बसत नाही.

आपल्या आज्यांच्या घरी डालडाचा रिकामा डबा कधी फेकला जात नव्हता. कुठे त्यात तुळस लावलेली असे, कुठे तांदूळ भरलेले असत, आणि कुठे सुई-दोरा, काजाची कात्री, जुन्या ब्लाउजांचे काढून ठेवलेले हूक. तेव्हा त्याला ‘रीयूझ’ असं भारी नाव नव्हतं आणि त्यात कमीपणाही नव्हता.

विकतच्या डब्याच्या बाजूने काय बोललं जातं

पहिला मुद्दा: एकसारखे डबे एकावर एक बसतात, जागा कमी लागते. हे खरं आहे. पण एकाच मापाचे श्रीखंडाचे डबेही एकावर एक बसतात. अर्ध्या किलोचाच डबा ठेवायचा, बाकीचे ठेवायचे नाहीत, असं एकदा ठरवलं की झालं. बुटांच्या खोक्यांचंही तसंच. वेगवेगळ्या मापांची खोकी जमवली की पसारा होतो. हा दोष निवड न करण्याचा आहे, खोक्याला बोल लावू नये.

दुसरा मुद्दा: पारदर्शक डब्यात काय आहे ते दिसतं. काय दिसतं? घडीची वरची बाजू. ते कापड ऐंशी सेंटिमीटर आहे की अडीच मीटर, पाण्यातून काढलंय की नाही, अस्तर आणलंय का, ते काहीच दिसत नाही. हे सांगते ती चिठ्ठी, आणि चिठ्ठी कुठल्याही डब्यावर लावता येते. शिवाय उघड्या फळीवरच्या पारदर्शक डब्यात उजेड जातो, आणि उजेडाने रंग उडतो. पत्र्याच्या डब्यात उजेड जात नाही.

तिसरा मुद्दा: विकतचा डबा मजबूत असतो, दहा वर्षं टिकतो. हेही मान्य. म्हणून ज्यांच्याकडे आधीच आहेत त्यांनी ते फेकून माझं ऐकू नका. आहेत ते झिजेपर्यंत वापरा. नवे आणू नका, एवढंच.

चौथा मुद्दा सहसा कुणी तोंडाने बोलत नाही, पण तोच खरा आहे. जुन्या डब्यांत सामान ठेवलं की दरिद्री दिसतं. लोक काय म्हणतील, सुनेच्या माहेरचे काय म्हणतील. मैत्रिणींनो, यावर मात्र मी गप्प बसणार नाही. जेवताना ताट स्वच्छ पुसून, पाणी घालून पिणाऱ्या माणसांना आपण नमस्कार करतो. पाणी गाळून, मोजून वापरणाऱ्यांचं कौतुक करतो. दहा धर्मांच्या पूजेत आकिंचन्याचं अर्घ्य चढवतो. आणि घरात एक बाई श्रीखंडाचा डबा दुसऱ्यांदा वापरते तर तिला कंजूष म्हणतो. वस्तूचा शेवटपर्यंत उपयोग करणं आणि गरज असताना खर्च न करणं, यांत फरक आहे. कंजूष माणूस मुलाच्या दप्तराला पैसे देत नाही. डबा धुऊन ठेवणारी बाई त्याच उरलेल्या पैशांतून दप्तर आणते.

आणि आपल्यातल्या कितीतरी जणी घरी मशीन चालवून संसाराला हातभार लावतात. फॉल-पिको, ब्लाउज, मुलींचे परकर-पोलके. अशा बाईने सुंदर डब्यांचा संच घ्यायचा म्हणजे किती ब्लाउज शिवायचे, याचा हिशेब तिचा तिनेच करावा. व्हिडिओ करणारी तिला तो सांगणार नाही.

डबा टाकला की तो जातो कुठे

आपल्या राज्यात २३ मार्च २०१८ ला प्लास्टिकबंदीची अधिसूचना निघाली. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या काही प्लास्टिक वस्तूंवर देशभर बंदी आली. त्या यादीत मिठाईच्या डब्याभोवती आणि निमंत्रणपत्रिकेभोवती गुंडाळायचं पातळ प्लास्टिकसुद्धा आहे. ३१ डिसेंबर २०२२ पासून प्लास्टिकच्या हातपिशवीची जाडी किमान १२० मायक्रॉन असायला हवी. म्हणजे कायद्याने पिशवीला हात घातला. पण आपण हौसेने विकत आणतो त्या डब्याला कुणी अडवलेलं नाही. तिथे आपलं आपणच थांबायचं आहे.

उकिरड्यावर शिळं अन्न बांधून टाकलेली पिशवी गाय पिशवीसकट गिळते, आणि ते प्लास्टिक तिच्या पोटात साचत जातं. पांजरपोळाला देणगी देताना आपला हात मागे सरत नाही, ही आपल्या समाजाची चांगली गोष्ट आहे. पण देणगीची पावती एका हातात आणि उकिरड्यावर जाणारी पिशवी दुसऱ्या हातात, हे जमणार कसं?

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. पुन्हा वापरल्याने प्लास्टिक नाहीसं होत नाही. त्याचा कचरा व्हायची वेळ लांबते आणि त्याच्या जागी येणारी नवी वस्तू टळते. फायदा आहे तो दुसऱ्या गोष्टीचा. म्हणून जुना डबाही ठेवायचा आणि नवाही आणायचा, असं करणाऱ्यांनी काहीच वाचवलेलं नसतं. दुधाच्या पिशव्या तर साठवूच नका. कापताना कोपरा पूर्ण तोडू नका, तो पिशवीलाच लटकू द्या, कारण तो इवलासा तुकडा कुणीच गोळा करत नाही. पिशवी धुऊन वाळवून भंगारवाल्याला द्या, तो ती घेतो.

कुठलं वेष्टन कशाला

आता कामाचं. डब्याच्या तळाशी त्रिकोणात एक आकडा असतो, तो वाचायची सवय करा. ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. श्रीखंड-दह्याचे बरेच डबे याचे असतात. गरम पाणी आणि धुण्याचा सोडा यांनी तुपकटपणा निघतो, झाकण घट्ट बसतं. बटणं, हूक, प्रेस-बटणं, इलॅस्टिक, बॉबिन यांना हा डबा उत्तम. १ म्हणजे पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक. ते खरखरीत घासलं, उकळतं पाणी घातलं की बिघडतं. ३ म्हणजे पीव्हीसी, त्याबद्दल पुढे लिहिते.

शर्टाचा पुठ्ठा ही तर शिवणारणीला मिळालेली भेट आहे. त्याच्या लांब पट्ट्या कापा, दोन्ही टोकांना छोटी खाच द्या आणि लेस, पायपिंग, गोंडे त्यावर गुंडाळा. टोक खाचेत अडकवा. पट्टीवर किती मीटर आहे ते पेन्सिलीने लिहा, वापरलं की खोडून नवा आकडा. ‘ही लेस पुरेल का’ म्हणून पुन्हा पुन्हा उलगडून मोजायला नको. आख्खा पुठ्ठा ठेवला तर त्यावर ब्लाउजपीस गुंडाळून पुस्तकांसारखे उभे लावता येतात. मधला एक काढला तर बाकीचे ढासळत नाहीत. शर्टातल्या टाचण्या आणि क्लिपाही वापरायच्या. जाड कापड शिवताना टाचणीऐवजी क्लिप लावली तर भोकं पडत नाहीत.

पुठ्ठ्याच्या नळीवर अस्तराचं कापड किंवा कॅनव्हास गुंडाळा. घडीची रेघ पडत नाही. बरणीत बटणं रंगाप्रमाणे. ओलावा शोषणारी पुडी सुयांच्या डब्यात, कारण आपल्याकडे पावसाळ्यात सुया गंजतात आणि गंजलेली सुई कापडावर डाग पाडते. मशीनच्या सुया कापडाच्या पट्टीत टोचून त्यावर १४, १६, १८ असे नंबर लिहा.

गोळ्यांच्या बाटलीचा उपयोग मात्र सगळ्यांनी करावाच. तुटलेल्या सुया आणि वाकलेल्या टाचण्या तिच्यात टाका. भरली की झाकण घट्ट लावून, वर चिकटपट्टी लावून, ‘सुया’ असं ठळक लिहून मग टाका. आपला कचरा कुणीतरी हाताने निवडतं. त्या हातात आपली सुई घुसायला नको.

बासमतीची किंवा चादरीची चेनवाली पिशवी चालू कामाला ठेवा. एक पिशवी, एक काम. कापलेलं कापड, अस्तर, जुळणारं रीळ, हूक, मापाचा ब्लाउज आणि चिठ्ठी, सगळं एकत्र. चिठ्ठीवर कुणाचं, माप काय, काय आणायचं राहिलंय आणि तारीख. बाहेरचं काम घेणाऱ्या जणींना तर लग्नसराईत याशिवाय चालतच नाही. एकीचं अस्तर दुसरीच्या ब्लाउजला लागलं की शंभर रुपयांच्या शिलाईवर दोनशेचं भांडण होतं.

आणि कुठलं कशाला नाही

कुरिअरची खोकी कपड्यांना वापरू नका. लाटांच्या पुठ्ठ्याचे थर बहुधा पिठुळ खळीने चिकटवलेले असतात. कसर पिठुळ पदार्थ आणि कागद आवडीने खाते, झुरळंही तिथे दडतात. त्यात आपण कांजी केलेली साडी ठेवली की कसरीला पंगतच वाढली म्हणायची. अशी खोकी आली की सपाट करून रद्दीत द्या.

मिठाईची खोकी अजिबात नकोत. तुपाचा अंश पुठ्ठ्यात मुरलेला असतो, कितीही पुसा. मुंग्या लागतात आणि कापडाला डाग पडतो.

जाड, चकचकीत, वासाच्या पारदर्शक पिशव्या, ज्यांतून ब्लँकेट येतात, त्या पुष्कळदा पीव्हीसीच्या असतात. जुन्या झाल्या की चिकट होतात. चालू कामाला महिनाभर चालतील, पण कापड कायमचं ठेवायला नाही.

आणि रेशमी साडी, जरीची पैठणी, आईचा शालू कुठल्याच प्लास्टिकमध्ये ठेवू नका, मग ती पिशवी दुकानातून साडीबरोबर आलेली का असेना. आत ओलावा कोंडतो, बुरशी येते, जर काळवंडते. खऱ्या जरीत चांदी असते, आणि चांदीला गंधकाचं वावडं आहे. रबरबँडमध्ये गंधक असतं, म्हणून साडीला रबरबँड लावू नका. वर्तमानपत्रही गुंडाळू नका. शाई लागते आणि तो कागद पिवळा पडताना कापडालाही खराब करतो. जुन्या मऊ सुती साडीचा किंवा धुतलेल्या मांजरपाटाचा तुकडा घ्या, त्यात गुंडाळा, आणि दर तीन-चार महिन्यांनी घडी मोडून दुसरीकडे घाला. एकाच रेघेवर वर्षानुवर्षं घडी राहिली की रेशीम तिथेच फाटतं.

डांबराच्या गोळ्यांबद्दल

हा मुद्दा वेगळा लिहिते, कारण आपण यावर बोलत नाही. चातुर्मासात आपण रात्री दिवा लावतानासुद्धा पतंगाचा विचार करतो, पालेभाजी वर्ज्य करतो. आणि कपाटात मात्र डांबराच्या गोळ्या टाकून दार लावतो. त्या गोळ्यांचं काम काय? हवेत विरून कोंडलेल्या जागेत कीड मारणं. कपाट बंद असलं म्हणून हिंसा दिसत नाही, एवढंच.

शिवाय काही बाळांच्या रक्तात जीसिक्सपीडी नावाचं एन्झाइम कमी असतं. अशा नवजात बाळाला या गोळ्यांत ठेवलेली झबली-दुपटी लागली तर रक्तपेशी फुटून कावीळ वाढू शकते. बाळाचे कपडे पिढ्यान्पिढ्या जपून ठेवणाऱ्या आपल्या घरांत हे प्रत्येकीला माहीत हवं.

मग काय करायचं? जीव होऊ द्यायचे आणि मग मारायचे, त्यापेक्षा होऊच द्यायचे नाहीत. यालाच आपण यत्नाचार म्हणतो ना? लोकर आणि रेशीम खाणारी अळी घामाच्या, खाण्याच्या डागांवर आधी येते. म्हणून धुतल्याशिवाय काही आत ठेवायचं नाही. कांजीची साडी वर्षभर ठेवायची असेल तर कांजी काढून ठेवायची. कडकडीत वाळलेलं कापडच आत जाईल. पत्र्याचा किंवा घट्ट झाकणाचा डबा इथेच उपयोगी पडतो, कारण त्यात कीड मुळात शिरत नाही. मात्र तो सुती कापडाला, रेशमाला नाही. वेखंड किंवा कडुलिंबाचा वाळलेला पाला सुती पुरचुंडीत बांधून ठेवा, उघडा नको, डाग पडतो. पण कापड मळकं किंवा दमट असेल तर वेखंडाचाही उपयोग नाही.

साठवणं आणि साचवणं

आता माझ्या बाजूच्या मैत्रिणींशी भांडते. डबे विकत घेत नाही म्हणून आपण अपरिग्रही झालो, असं समजू नका. माळ्यावर सत्तावीस रिकामे डबे, पंधरा पिशव्या, गाठोडंभर पुठ्ठे, आणि विचारलं की ‘लागेल कधीतरी’. हाही परिग्रहच. आपल्याकडे परिग्रह वस्तूच्या किमतीवर ठरत नाही, तिच्यात जीव किती गुंतलाय त्यावर ठरतो. फुकटच्या डब्यातही जीव गुंततो, उलट जास्तच, कारण त्याचे पैसे दिल्याची टोचणी नसते.

आणि डब्यांच्या आत काय आहे? ओटीत आलेले ब्लाउजपीस, जे आपल्या अंगावरच्या एकाही साडीला जुळत नाहीत. अर्धवट कापलेले कपडे, ज्या मुलीसाठी कापले ती आता नोकरीला लागली. वाकळीसाठी म्हणून ठेवलेल्या चिंध्या, आणि वाकळ शिवायला बसणार कोण? विकतचा सुंदर डबा सगळ्यात मोठं नुकसान करतो ते इथे. तो या सगळ्याला इज्जत देतो. लेबल लावलं की दहा वर्षांचं रखडलेलं काम ‘व्यवस्थित ठेवलेलं’ वाटतं. पण फुकटच्या डब्यानेही हेच होऊ शकतं, म्हणून नियम हवेत. माझे चार आहेत.

एक, रिकामा डबा एका चातुर्मासापुरता, म्हणजे चार महिने. तेवढ्यात काम मिळालं नाही तर तो भंगारात किंवा ज्याला हवा त्याला.

दोन, शिवणाला एकच कप्पा. त्यात मावेल तेवढंच. परिग्रहाचं परिमाण करायचं म्हणतो तर ते मोजता येईल अशा जागेत करू या.

तीन, चिठ्ठीशिवाय काही आत जाणार नाही.

चार, वर्षातून एकदा सगळं बाहेर. त्यासाठी मुहूर्त शोधायला नको, तो आपल्याकडे आहेच. ज्येष्ठ शुद्ध पंचमीला, श्रुतपंचमीला, मंदिरात ग्रंथ बाहेर काढतात, पुसतात, हवा देतात आणि नव्या सुती कापडाचं वेष्टन घालतात. शेकडो वर्षांची हस्तलिखितं अशा कापडी वेष्टनात टिकली. ते वेष्टन श्वास घेतं आणि ते दरवर्षी कुणीतरी उघडतं. पाऊस तोंडावर आलेला असतो, कीड वाढायचे दिवस पुढे असतात, तेव्हा वेळही अचूक आहे. मंदिरातून घरी आल्यावर त्याच आठवड्यात आपला कप्पाही उघडावा. वर्षभरात ज्या पिशवीला हात लागला नाही ती जवळच्या शिवणवर्गाला द्या. शिकणाऱ्या मुलींना सरावाला कापड लागतं, आणि ते विकत घेणं सगळ्यांना परवडत नाही. चिंध्या वाकळ शिवणाऱ्या बाईला द्या, आणि वाकळ शिवून घेतलीत तर तिची मजुरी घासाघीस न करता द्या.

खरी मागणी

आता शेवटचं. शिवणाचा पसारा का होतो, याचा कधी विचार केलात? डबे कमी असतात म्हणून होत नाही. घरात शिवणाला जागा नसते म्हणून होतो. मशीन जेवणाच्या टेबलाजवळ, कापड पलंगाखाली, रिळं देव्हाऱ्याखालच्या ड्रॉवरमध्ये, कात्री मुलं घेऊन गेलेली. पाहुणे आले की सगळं गुंडाळून ‘तुझा तो पसारा’ उचलायचा. घरातल्या पुरुषांच्या फायलींना कप्पा असतो, मुलांच्या क्रिकेटच्या सामानाला कोपरा असतो. घरभराचे कपडे जिच्या हातून नीट होतात तिच्या सामानाला फक्त डबे असतात. मग ती बिचारी डबे विकत आणून जागेची उणीव भरून काढायला बघते. डब्याने ती भरत नाही. डबा ठेवायलाही जागा लागतेच.

म्हणून विकतच्या डब्यांचे पैसे वाचवा आणि त्याऐवजी घरात एक कप्पा मागा. हक्काने मागा, रुसून नको. कपाटातला, बैठकीच्या शोकेसखालचा, कुठलाही, पण तुमचा आणि शिवणाचा. त्यातलं दुसऱ्या कुणी उचलायचं नाही आणि त्यात दुसऱ्या कुणी काही कोंबायचं नाही. तो मिळाला की त्यात काय ठेवायचं आणि कशात ठेवायचं, ते आपण श्रीखंडाच्या डब्यांतही झकास जमवू.

आणि त्या कप्प्याचं दार शेजारीण आली की लोटू नका. उघडंच ठेवा. तिने विचारलंच, हे डबे कुठून आणलेस, लिंक दे ना, तर सांगा, लिंक नाही बाई, श्रीखंड आण.